झाडपाल्याची साक्ष

(शास्त्रपाठ : मार्क ५ : २५–३४, २ राजे २० : १–७, योहान ९ : १–३)



मार्काच्या शुभवर्तमानांत एका दुखणाईत स्त्रीची गोष्ट आहे, ती आपल्या मंडळ्यांत पुष्कळ वेळां वाचली जाते. बारा वर्षें तिला रक्ताचें दुखणें होतें. तिनें अनेक वैद्यांचे उंबरठे झिजविले, गांठीं होतें तें सर्व खर्चिलें, आणि गुण न येतां दुखणें मात्र वाढलें. ही गोष्ट वाचतांना आपण बहुधा तिच्या विश्वासाकडे पाहतों, व तें योग्यच आहे. परंतु गोष्टीचा शेवट आपण घाईनें वाचून टाकितों. ती बरी झाल्यावर प्रभूनें तिला गर्दींतून गुपचूप जाऊं दिलें नाहीं. त्यानें सभोंवार पाहून तिचा शोध केला. तेव्हां ती कांपत कांपत पुढें आली, आणि कांहीं एक न लपवितां तिनें आपली सारी हकीकत सांगितली. आज आपल्याला ह्या शेवटाचाच विचार करावयाचा आहे. दुखण्याविषयीं व औषधाविषयीं सारें खरें सांगणें, हाहि देवाच्या लोकांचा धर्म आहे.

हा विषय घेण्याचें कारण असें कीं, आपल्या प्रांतांतील पुष्कळ घरांत रक्ताचेंच एक दुखणें वस्तीला आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा व नागपूर हे जिल्हे, अमरावतीकडील मेळघाट, आणि पश्चिमेस नंदुरबार व धुळें, ह्या भागांत त्यास सिकलसेल म्हणतात. गोंड, माडिया, कोरकू, भिल्ल, पावरा इत्यादि लोकांत तें विशेष आढळतें. इतर समाजांतहि आढळतें. निरोगी मनुष्याच्या रक्तांतील तांबडी पेशी वाटोळी व लवचिक असते आणि सुमारें १२० दिवस टिकते. ह्या रोगांत पेशींतील तांबड्या द्रव्याची घडण जन्मतःच किंचित् निराळी असते. त्यामुळें प्राणवायु कमी पडला कीं पेशी वांकून विळ्यासारखी होते व ताठरते. अशी पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते; म्हणून अंगांत रक्त कमी राहतें व डोळे पिंवळे दिसतात. शिवाय ह्या वांकड्या पेशी बारीक शिरांत अडकून बसतात, आणि मग हातपाय, पाठ, छाती ह्यांत जी कळ उठते ती ज्याची त्यालाच ठाऊक. थंडी, पाण्याची तहान, अतिश्रम व ताप हीं तिचीं नेहमींचीं निमित्तें होत.

अशा घरांत झाडपाला येतो ह्यांत नवल तें काय? दवाखाना दूर, एस. टी. चें भाडें द्यावें लागतें, दिवसाची मजुरी बुडते, आणि तेथें पोंचल्यावर बोलावयास कोणाला सवड नसते. वैदू गांवचाच असतो. तो आपल्या भाषेंत बोलतो व रोग्याच्या अंथरुणाजवळ बसतो. मग बाजाराच्या दिवशीं एक आई दुसरीला सांगते, “माझा पोरगा चार दिवस कळवळत होता. अमक्यानें पाल्याचा काढा दिला, आणि तीन दिवसांत तो उठून चालूं लागला.” हें ऐकून दुसरी आई त्याच रात्रीं त्या वैदूच्या दारीं जाते.

बंधूंनो, ती पहिली आई खोटें बोलत नाहीं, व तिला हंसण्याचा अधिकार कोणाला नाहीं. तिनें जें पाहिलें तेंच ती सांगते. परंतु तिची साक्ष अपुरी आहे. ह्या रोगाची कळ भरतीसारखी चढते आणि बहुतेक वेळां कांहीं दिवसांनीं आपोआपच उतरते. लोक औषध शोधावयास निघतात ते कळ शिगेस पोंचल्यावर. आणि शिगेनंतर उतार हा यावयाचाच असतो. नाल्याला पूर आला असतां जो कोणी त्यांत नारळ टाकील, त्याला वाटेल कीं आपल्याच नारळानें पाणी ओसरलें! शिवाय काढा देतांना आईनें मुलाला पांघरुणांत ठेविलें, वरचेवर पाणी पाजिलें, कामाला लाविलें नाहीं. ह्या गोष्टींनींहि आराम पडतो, परंतु त्यांचें नांव कोणी घेत नाहीं. आणि ज्यांचें मूल काढा घेऊनहि गेलें, ते आईबाप बाजारांत उभे राहून त्याची हकीकत सांगत बसत नाहींत. त्यांची साक्ष घरांतच राहते.

तर मग देवानें उगविलेला पाला व्यर्थ आहे काय? मुळींच नाहीं. हिज्कीया राजा मरणाच्या दारीं असतां यशया संदेष्ट्यानें त्याच्यासाठीं प्रार्थनेचें उत्तर आणिलें, आणि त्याबरोबरच गळवावर अंजिरांचें पोटीस बांधावयास सांगितलें. प्रार्थना व औषध ह्यांचें तेथें भांडण नाहीं. हिंवतापावर पूर्वीं चाललेलें क्विनाईन हें सिंकोना झाडाच्या सालीचें होय, आणि त्याच तापावर आज दिलें जाणारें आर्टिमिसिनिन एका चिनी वनस्पतींतून निघालें. तें शोधणाऱ्या तू यूयू ह्या बाईंस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र पाला निराळा, आणि त्यावर टाकिलेला मंत्र व उतारा निराळा. तसेंच तान्ह्या मुलाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचा डाग देणें हें औषध नव्हे; ती निरपराध जिवाला दिलेली पीडा आहे.

खुद्द सिकलसेलवर झाडपाल्याची नीट परीक्षा झालेली आहे, व ती आफ्रिकेंतील नायजेरिया देशांत झाली. तेथें हा रोग फार आहे. एका वैद्याच्या घराण्यांत चालत आलेला उपाय तेथील औषध-संशोधन संस्थेनें हातीं घेतला. त्यांत चार वनस्पति होत्या : लवंग, ज्वारीचीं पानें, तिकडची एक प्रकारची मिरी, आणि आपल्या बिबळ्याच्या जातींतील एका झाडाचें खोड. त्या औषधास निप्रिसान असें नांव पडलें. ८२ रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. खरें औषध कोणतें व तसेंच दिसणारें निर्गुण औषध कोणतें, हें रोग्यांस सांगितलेलें नव्हतें. म्हणजे मनाच्या समजुतीला तेथें वाव ठेविला नाहीं. त्यांत कळेचे झटके कमी झालेले दिसले. तसाच दुसरा एक प्रयोग आपल्या नित्याच्या तुरीच्या दाण्यांपासून केलेल्या औषधाचा १०० रोग्यांवर झाला. परंतु त्याचा गुण खात्रीनें सांगण्याजोगा ठरला नाहीं. जाणत्यांनीं दोन्ही परीक्षा तपासून इतकेंच म्हटलें कीं, आशेला जागा आहे, परंतु पुरावा थोडा आहे.

पुढें काय झालें तेंहि ऐका. २००६ सालीं निप्रिसानला त्या देशांत विक्रीची परवानगी मिळाली, आणि दोनच वर्षांनीं तें बनविणारी कंपनी दिवाळखोरींत गेली. औषध चांगलें असलें तरी तें रोज, त्याच मापानें व त्याच गुणाचें मिळालें पाहिजे; नाहीं तर रोग्याच्या हातीं आठवणच राहते. आणि हें वाचून कोणी शेतांतून ज्वारीचा पाला आणून घरीं उकळूं नये. कोंवळी ज्वारी खाऊन गुरें फुगून पडतात व मरतात, हें आपल्यांतील प्रत्येक शेतकरी जाणतो. त्या कोंवळ्या पानांत जहाल विष उत्पन्न होतें. संस्थेंत शुद्ध करून मोजून दिलेलें औषध व चुलीवरचा काढा हीं एक नव्हेत.

आतां दवाखान्याच्या गोळीची साक्ष पाहूं. हायड्रॉक्सियुरिया नांवाचें औषध १९९५ सालीं अमेरिकेंत २९९ प्रौढ रोग्यांवर अशाच रीतीनें पारखलें गेलें, व कळेचे झटके जवळजवळ निम्मे झाले. त्यापूर्वीं १९८६ सालीं २१५ लहान मुलांवर झालेल्या परीक्षेंत असें ठरलें होतें कीं, रोज पेनिसिलिन दिल्यानें मुलांना गांठणारे प्राणघातक जंतुरोग फार मोठ्या प्रमाणांत टळतात. परंतु गोळीची एक अडचण आहे : ती बोलत नाहीं. काढा दुखण्याच्या दिवशीं घेतला जातो, म्हणून उताराचें श्रेय त्याला मिळतें. गोळी बऱ्या दिवशीं घ्यावी लागते, व तिचा गुण महिन्यांनीं दिसतो. जी कळ आलीच नाहीं ती कोण मोजणार? म्हणून रोगी म्हणतो, “गोळीनें मला कांहींच वाटत नाहीं,” आणि कोणी “इंग्रजी औषध बंद कर, तरच माझें लागूं पडेल” असें म्हटलें कीं तो बंद करितो. बंधूंनो, ही अट ऐकतांच सावध व्हा. जो रोग्याला दुसरें सर्व सोडावयास लावितो, तो आपल्या पाल्याची परीक्षाच होऊं देत नाहीं. गोळीलाहि नियम आहेत. ती घेणाऱ्याचें रक्त वेळोवेळीं तपासावें लागतें, आणि गरोदर स्त्रीनें किंवा मूल व्हावें अशी इच्छा असणाऱ्यानें डॉक्टरांस आधीं सांगितलें पाहिजे.

ह्यास्तव उपदेशक बंधूंनीं व बायबलवाचक भगिनींनीं घरोघर जातांना चार गोष्टी सांगाव्या.

पहिली, चालू गोळी कोणाच्याहि शब्दावरून बंद करूं नये. दुसरी, सिकलसेलच्या मुलास ताप आला तर काढ्याची वाट न पाहतां त्याच दिवशीं त्याला दवाखान्यांत न्यावें. ह्या रोगांत पाणथरी लहानपणींच दुबळी होते, व साधा दिसणारा ताप एका रात्रींत जीव घेऊं शकतो. श्वास लागणें, छातींत दुखणें, एक बाजू लुळी पडणें, किंवा पोटाच्या डाव्या बाजूस एकाएकीं फुगवटा येऊन मूल पांढरें पडणें, हींहि तशींच धोक्याचीं चिन्हें आहेत. तिसरी, कोणी पाला घेत असेल तर त्यानें तो डॉक्टरांपासून लपवूं नये, आणि डॉक्टरांनींहि त्यास धिक्कारूं नये. कित्येक मुळ्या यकृतास व मूत्रपिंडास अपाय करितात, व हें सांगितल्याशिवाय डॉक्टरांस कळणार कसें? चौथी, घरीं एक वही ठेवावी. कळ कोणत्या दिवशीं आली, किती दिवस राहिली, त्या वेळीं काय काय घेतलें, तें तींत लिहावें. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांच्यासाठीं शाळेंतील मुलानें लिहावें. वर्षाच्या शेवटीं ती वही उघडली म्हणजे पाल्याची व गोळीची खरी साक्ष पानावर दिसेल, आणि मग कोणाशीं वाद घालण्याची गरज पडणार नाहीं.

आणखी एक गोष्ट बोलल्यावांचून हें प्रवचन संपवितां येत नाहीं. अशीं मुलें झालीं म्हणजे घरांत पहिला प्रश्न उठतो, “पाप कोणाचें?” आणि बोट बहुधा सुनेकडे जातें. शिष्यांनींहि जन्मांधाला पाहून हाच प्रश्न केला होता, व प्रभूनें त्यांना स्पष्ट नाकारिलें. ह्या रोगाचा अंश मुलाला आई व बाप ह्या दोघांकडून मिळतो; एकट्या आईकडून हा रोग होत नाहीं. दोघेहि केवळ वाहक असले तर त्यांना कांहीं दुखत नाहीं, परंतु प्रत्येक गरोदरपणीं चारांत एक संभव पीडित मुलाचा, दोन वाहकाचे व एक निर्दोष रक्ताचा असतो. शिवाय हा अंश कलंक नव्हे. ज्यांच्या अंगीं त्याचा एकच वांटा असतो त्यांना हिंवतापाच्या प्राणघातक झटक्यापासून संरक्षण मिळतें, असें ॲलिसन ह्या डॉक्टरांनीं १९५४ सालीं पूर्व आफ्रिकेंतील अभ्यासावरून दाखविलें. आपले पूर्वज तापाच्या रानांत जगले, त्यांतील कित्येक ह्याच अंशाच्या बळावर. म्हणून सुनेला माहेरीं धाडण्याचें थांबवा, व लग्नापूर्वीं मुलामुलींचें रक्त तपासून घ्या. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांत शहडोल येथें सरकारनें सिकलसेल-निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरूं केली; ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांची तपासणी करणें हा तिचा संकल्प आहे. तपासणीच्या दिवशीं आपल्या मंडळींतील एकहि कुटुंब घरीं राहूं नये, अशी खटपट करा.

आणि ज्यांना औषधानें थोडाच आराम पडतो, त्यांना “तुझा विश्वास कमी” असें कोणी म्हणूं नये. त्या स्त्रीच्या बारा वर्षांत तिला असें म्हणणारे पुष्कळ भेटले असतील. प्रभु तसें म्हणाला नाहीं. त्यानें तिला मुली अशी हांक मारिली. तो तिची हकीकत शेवटपर्यंत ऐकत राहिला, आणि त्याच वेळीं याईराची मुलगी मरणोन्मुख होती व मार्गांत उशीर होत होता. आपल्यालाहि दुखणाईताची हकीकत तितक्याच सवडीनें ऐकतां यावी, व ती ऐकून त्याला खरें तेंच सांगतां यावें, अशी बुद्धि देव आपणां सर्वांस देवो. आमेन.