प्रश्न ऐकणारा माणूस

छत्तीसगडमधल्या तांदुळा जलाशयाचे पाणी भिलाईच्या पोलाद कारखान्याला जाते, तसेच दुर्ग-बालोद पट्ट्यातल्या धानालाही मिळते. या पट्ट्यातली जमीन मात्र एकसारखी नाही. माथ्यावरची मुरमाड भाटा, मग मटासी, डोरसा आणि सखलात ओल धरून ठेवणारी काळी कन्हार ही नावे इथल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत. सुमारे दीडशे दिवस घेणारा स्वर्णा धान कन्हारीत तग धरतो, भाट्यावर पाऊस लवकर उघडला की दगा देतो. म्हणजे एकाच गावात, एकाच दिवशी, दोन बांधांवर दोन वेगळे सल्ले बरोबर ठरू शकतात. संपूर्ण जिल्ह्यासाठी निघालेली शिफारस हा फरक ओळखत नाही. शेतकऱ्यापर्यंत माहिती पोहोचत नाही, ही तक्रार मला म्हणूनच अपुरी वाटते. त्याचा प्रश्न ऐकून त्याच्या शेताला लागू पडेल असे उत्तर देणारा आणि त्या उत्तराला बांधील राहणारा माणूस नाही, ही खरी उणीव आहे.

याचा पुरावा आपल्याकडे जुना आहे. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतृमंडळे चालवली. आठवड्यातून दोनदा मंडळी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. पॉल न्यूरॅथ यांनी केलेल्या मूल्यमापनात मंडळे असलेल्या गावांचे ज्ञान ठळकपणे वाढलेले दिसले. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथली वाढ नगण्य होती. रेडिओ दोन्हीकडे होता, फरक चर्चेने आणि उलट जाणाऱ्या प्रश्नांनी पाडला. पुढे १९७५-७६मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला, त्यात आजच्या छत्तीसगडचा भागही होता. आरोग्याविषयीची जाण त्यातून वाढली, शेतीच्या पद्धतींत मात्र फारसा बदल नोंदला गेला नाही. अनेक राज्यांसाठी एकत्र बनवलेल्या हिंदी कार्यक्रमांत कन्हार आणि भाटा यांना जागा कशी मिळणार?

आता मोबाइल आहे, २००४पासून किसान कॉल सेंटर आहे, मग गावोगावी पगारी माणसे कशाला, असे विचारले जाते. आक्षेप खर्चाचा आहे आणि तो हलका नाही. पण धानावर माहो, म्हणजे तपकिरी तुडतुडा, पडतो तेव्हा कीड बुंध्याशी असते, फोनवरच्या सल्लागाराला ती दिसत नाही. मग शेतकरी दुकानात जातो. २००३च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात नव्या तंत्राची माहिती निविष्ठा विक्रेत्याकडून मिळवणारी शेतकरी कुटुंबे १३.१ टक्के होती, सरकारी विस्तार कर्मचाऱ्याकडून मिळवणारी अवघी ५.७ टक्के. विक्रेता वाईट असतो असे नव्हे, पण औषध विकूनच त्याचे पोट भरते. चुकीच्या फवारणीत माहोला खाणारे कोळी मरतात, माहो उलट वाढतो, आणि शेतकरी दुसरी बाटली आणतो. पगारी माणूस न नेमल्याने वाचलेला खर्च असा शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पीक भाव ठरवतो, सल्ला नाही. छत्तीसगडमध्ये धानाला क्विंटलमागे ३१०० रुपये, एकरी २१ क्विंटलपर्यंत मिळत असताना दुसऱ्या पिकाचा उपदेश कोण ऐकेल? हे मी मान्य करतो, आणि शेतकऱ्याला त्यासाठी दोष देणे अन्यायाचे मानतो. पण हा आक्षेप हमी असलेल्या पिकापुरताच टिकतो. दुर्ग जिल्ह्याच्या धमधा भागातल्या टोमॅटोला अशी हमी नाही. गेल्या हंगामाचा चढा भाव पाहून सगळेच लावतात आणि मग तोडणीची मजुरीही निघेनाशी होते. तिथे रोजचे बाजारभाव कळवणे उशिराचे आहे. तालुक्यातल्या रोपवाटिकांतून किती रोपे उचलली गेली, किती एकरांवर लागण होणार आहे, हे विस्तार कर्मचाऱ्याने गावांतून गोळा करून लागणीआधी सर्वांना कळवले, तर रोप लावायचे की नाही हे ठरवण्याची संधी शेतकऱ्याला मिळेल.