थालीपिठातली लौकी



गेल्या महिन्यातली गोष्ट. आमचा नातू तिसरीत आहे. दुधी, म्हणजे आमची इंदूरची लौकी, म्हटली की त्याचं तोंड वाकडं. म्हणून मी ती किसून थालीपिठात घातली. त्याने विचारलं, "आजी, यात लौकी नाही ना?" मी सरळ "नाही" म्हणाले. पठ्ठ्याने दोन थालीपिठं खाल्ली. मी खूश! मग पाणी प्यायला आत गेला आणि ओट्यावरची सालं त्याला दिसली.

"आजी, तू खोटं बोललीस."

नंतर आठ दिवस तो प्रत्येक घास मोडून बघायचा. साध्या पोळीचासुद्धा!

भल्यासाठी बोललेलं खोटं हे खोटं नसतं का? मी खूप विचार केला. गरज तर खरीच आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ६ ते ९ वर्षांच्या मुलांनी रोज निदान ३५० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात. सरकारी शाळेतल्या जेवणातही प्राथमिकच्या मुलाला ५० ग्रॅमच भाजी ठरलेली आहे. बाकीचं घरीच द्यायला हवं.

पण लपवलेली भाजी पोटात जाते, तिची ओळख होत नाही. नवी चव रुळायला मुलांना ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा चाखावी लागते, असं अभ्यासक सांगतात. आणि माझ्या एका "नाही"ने त्याचा माझ्यावरचा विश्वास गेला, तो कुठल्या भाजीने भरून काढायचा?

आणखी एक गोष्ट लक्षात आली. घरात हे कारलं ताटाच्या कडेला सारतात, मी प्रत्येक भाजीवर शेव भुरभुरते. आम्ही बदलायचं नाही आणि नातवाने मात्र गुपचूप सुधारायचं! लपवणं सोपं होतं, म्हणून मी ते केलं.

आता थालीपिठात लौकी घालतेच, पण विचारलं की "आहे" म्हणते. मटार सोलायला त्याला सोबत बसवते. ताटात एकच चमचा भाजी वाढते. सक्ती नाही, मोबाइलची लालूच नाही. आणि आम्ही दोघंही ताटातली भाजी संपवतो.

काल म्हणाला, "लौकी आहे ना? मग एकच दे." आवडली नाहीच. पण घास मोडून बघितला नाही. मला तेवढं पुरलं.

तुम्ही अशा वेळी काय करता? ग्रुपवर जरूर लिहा.