पिशवी परत

सासवडहून जेजुरीला जाणाऱ्या रस्त्यावर एका मावशींची चहाची टपरी होती. एरवी दिवसाकाठी दुधाच्या पंधरा-वीस पिशव्या रिकाम्या व्हायच्या. ज्ञानोबांची पालखी सासवडचा मुक्काम हलवून जेजुरीकडे निघाली की मात्र पहाटेपासून चुलीवरचं पातेलं उतरायचं नाही. वारकऱ्यांकडून मावशी पैसे घेत नसत. एका वर्षी पालखी पुढे गेल्यावर त्या झाडू घेऊन रस्त्यावर आल्या, तर पार ओढ्यापर्यंत दुधाच्या पिशव्या पसरलेल्या. एक गाय त्यातलीच एक चघळत उभी होती. मावशींनी तिच्या तोंडातून ती ओढून काढली. पिशवी कोणाच्या टपरीवरची, हे काही तिच्यावर लिहिलेलं नव्हतं. आपलीच, असं मावशींनी धरलं.

त्या दिवसापासून त्यांनी पिशवी फोडायची रीत बदलली. आधी कोपरा कापून तुकडा भिरकावून द्यायच्या. पिशवी भंगारवाला किलोवर नेतो, पण नखाएवढा तो तुकडा कोणीच उचलत नाही. तो गटारात जातो, नाहीतर जनावराच्या पोटात. आता त्या तुकडा लोंबता ठेवून कापू लागल्या. रिकामी पिशवी उलटी करून धुवायची, कारण दुधाचा ओशटपणा राहिला की आंबूस वास सुटतो आणि मुंग्या लागतात. मग दोरीवर वाळवायची.

वाळलेल्या पिशव्यांचं काय करायचं, हे त्यांना सुचलं चिंचोक्यांवरून. घरी चिंच फोडून झाली होती. त्यांनी मूठभर चिंचोके रात्रभर पाण्यात भिजवले. पिशवीचं तोंड पूर्ण मोकळं केलं, दाभणाने बुडाला आणि कडेला भोकं पाडली, आणि दोन वाटे तांबडी माती, एक वाटा शेणखत, थोडी वाळू असं भरून चिंचोका बोटाच्या पेराएवढा खोल खोवला. चहाचा चोथा होताच. पण त्यातली साखर आणि दूध धुऊन गेल्याशिवाय तो मातीत घालायचा नाही, नाहीतर बुरशी धरते, हे त्यांना पहिल्याच खेपेला कळलं. दह्याच्या डब्यांतही त्यांनी चिंचोके लावून पाहिले. तिथे रोप आलं, पण लवकरच थबकलं. चिंचेचं सोटमूळ सरळ खाली धावतं, त्याला उथळ भांडं पुरत नाही. दह्याचे डबे मग मिरची आणि वांग्याच्या रोपांना दिले. महिनाभरात ती रोपं दुसरीकडे जातात, त्यांना तेवढी खोली पुरते.

जूनमध्ये गिऱ्हाइकांनी खाऊन टाकलेल्या जांभळाच्या बिया आल्या, कडुनिंबाच्या लिंबोळ्या आल्या. ही बी साठवून ठेवण्याची नाही. चिंचोका डब्यात पडून राहिला तरी चालतो. जांभळाची बी वाळली की मेली. म्हणून मावशी ती आल्या दिवशी लावायच्या. टपरीच्या मागे, पत्र्याच्या सावलीत, पिशव्यांच्या रांगा वाढत गेल्या.

रोपं त्या फुकट द्यायच्या. अट एकच: "रोप फुकट हाय, पिशवी फुकट न्हाई. लावलं की पिशवी परत आणायची."

लोक चकित व्हायचे. रिकाम्या पिशवीला काय किंमत? पण ही अट काही जगावेगळी नव्हती. 2018 साली राज्याने प्लॅस्टिकबंदी आणली तेव्हा दुधाच्या पिशवीला मुभा दिली ती याच बोलीवर: पिशवी 50 मायक्रॉनपेक्षा पातळ नको, आणि ती परत घेण्यासाठी किमान 50 पैसे मोल ठेवायचं. गिऱ्हाइकाच्या अंगवळणी ते पडलं नाही. मावशींनी तेच आपल्या टपरीपुरतं खरं करून दाखवलं, आणि माझ्या मते कायद्याची याहून चांगली अंमलबजावणी नाही.

शाळेच्या मुलांनी रोपं नेली आणि पिशव्या आणून दिल्या. त्याच पावसाळ्यात एका मंडळाच्या कार्यकर्त्याने 100 रोपं मागितली. टेकडीवर रोपं लावायचा कार्यक्रम होता. मावशींनी अट सांगितली, त्याने हो म्हटलं. टेम्पो भरून रोपं गेली. पिशवी मात्र एकही आली नाही.

पाऊस होता तोवर टेकडी हिरवी दिसली. पण पुरंदरचा हा भाग पर्जन्यछायेतला. दिवाळीनंतर जमीन तापायला लागते. फाल्गुनात सातवीतली एक मुलगी आपल्या रोपाला पाणी घालायला वर गेली. तिचं जांभूळ तग धरून होतं, शेजारी मंडळाच्या रांगेत मात्र नुसत्या काड्या. तिने एक काडी ओढली, तर खालून दुधाची पिशवीच वर आली, अख्खी, छापील तारखेसकट. ती ते तसंच मावशींकडे घेऊन आली.

मावशींनी ब्लेडने पिशवी उभी चिरली. आत मातीची हुंडी दगडासारखी झाली होती, आणि मूळ तिच्याभोवती फेर धरून, फिरून फिरून बुडाशी गुंतलं होतं. दाभणाच्या भोकांतून दोन-तीन बारीक धागे बाहेर निघाले होते, तेवढेच. पाणी बाहेर होतं, जमीन बाहेर होती, आणि रोप आत.

"मावशी, पिशवीनंच मारलं का हो त्याला?"

"पिशवीनं तर त्याला वाढवलं, बाळा. ती काढायची राहिली."

पुढच्या ज्येष्ठात तो कार्यकर्ता पुन्हा आला. पुन्हा 100 रोपं हवी होती. मावशी त्याला ओरडल्या नाहीत. चहा दिला, आणि जपून ठेवलेली ती हुंडी त्याच्या पुढ्यात ठेवली. तो बराच वेळ पाहत बसला.

"घाई होती, मावशी. पाहुणे यायचे होते. पोरांनी तशीच खड्ड्यात ठेवली."

"असू दे. जितक्या पिशव्या आणशील तितकी रोपं घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी तो टिकाव घेऊन एकटाच टेकडीवर गेला. तीन दिवस खणत होता. वाळक्या काड्यांतली एक त्याने सवयीने फेकायला उचलली, आणि मग थांबून नखाने साल खरवडली. मावशींनी तसं सांगितलं होतं. सालीखाली हिरवं होतं. चिंच चिवट, अशी सात रोपं निघाली. त्याने पिशव्या चिरल्या, गुंडाळलेल्या मुळांची टोकं ब्लेडने छाटली, हुंडीच्या कडा बोटांनी सैल केल्या आणि रोपं मोकळ्या मातीत लावून भोवती आळी केली. मेलेल्या रोपांच्या पिशव्या त्याने गोणीत भरल्या.

मावशींनी गोणी रिकामी करून मोजलं. 42. त्या फाटल्या-तडकल्या होत्या, पुन्हा माती भरण्याजोगी एकही नव्हती. त्यांनी त्या धुऊन भंगारवाल्याच्या ढिगात टाकल्या आणि मागच्या रांगेतून 42 रोपं काढून दिली.

"बाकीच्या सापडल्या नाहीत, मावशी."

"सापडतील. दोन जोराचे पाऊस पडले की खड्ड्याची माती खचती, पिशवीचं तोंड वर येतं. तवा जा."

"आणि ही 42 लावली की?"

"त्यांच्या पिशव्याबी आणायच्या," मावशी म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी नवी पिशवी कापायला घेतली.