होडीतून दिसणारा काठ

वेस्ट इंडीजमधील एखाद्या बेटाभोवती शिडाच्या होडीतून हिंडावे, एकामागून एक खाड्या धुंडाळाव्या व काठावरील झाडांची टिपणे करावी, हा छंद मोठा निरुपद्रवी वाटतो. परंतु सेंट व्हिन्सेंट बेटावरील नीरफणस काही वाऱ्याने वाहून आणलेला नव्हे. कॅप्टन ब्लाय याने १७९३ साली ताहितीची रोपे जहाजातून तेथे उतरविली, ती मळ्यांतील गुलामांस स्वस्तात पोसता यावे म्हणून. झाड सुंदरच आहे. पण ते पाहताना ही हकीकत विसरण्याचा आपणांस अधिकार आहे काय?

प्रश्न दूरदेशीचा म्हणून सोडून देण्याची सोय नाही. आमच्या इगतपुरी तालुक्यात दारणेचे धरण १९१६ साली पुरे झाले, ऊर्ध्व वैतरणेचे १९७३ साली. दऱ्या पाण्याने भरल्या आणि जेथे ओहोळ होते तेथे खाडीसारखे पाण्याचे फाटे शिरले. माघ-फाल्गुनात अशा काठाने होडी न्यावी, तो उक्षीचे हिरवट पांढरे घोस दिसतात, पांगारा पेटलेला दिसतो. वर उतारावर कारवी, जी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते व बी धरून मरते. हे सारे आम्हांस मनापासून आवडते. रुक्ष उपदेशकांच्या पंक्तीस बसण्याची आमची मुळीच इच्छा नाही.

मात्र वनस्पतींच्या अभ्यासकास एक खोड असते. रानटी झाड दिसले की तो वही उघडतो, लाविलेले दिसले की मिटतो. पाण्याच्या कडेस चार आंबे सरळ रांगेत उभे असले, तर त्याच्या लेखी ते शून्य! वस्तुतः त्या काठावर सर्वांत बोलके तेच. रान काही रांगेत आंबे लावीत नाही. बांधावर ते माणूस लावतो, आणि तो बांध उतरत उतरत पाण्याखाली गेलेला असतो.

कोणी म्हणेल, बुडाले ते थोड्यांचे, पाणी मिळाले पुष्कळांस. खरे आहे. दारणेच्या पाण्यावर गोदावरीचे कालवे वाहतात व नगर जिल्ह्यातील ऊस पोसतो. वैतरणेचे पाणी मुंबईकर पितात. परंतु हा हिशेब मांडणारा नेहमी पाणी मिळालेल्यांपैकीच असतो, हे आम्हांस खुपते. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यांच्या बाजूस उभे राहिले. धरण व्हावयाचे ते झालेच, पण ज्यांचे बुडणार होते त्यांचे म्हणणे निदान इतिहासात नोंदले गेले.

मग होडीच सोडावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. आपण सुख टाकल्याने बुडालेला एकही बांध वर येणार नाही. उलट तो काठ पाहणारा एक मनुष्य मात्र कमी होईल. आमचे मागणे याहून लहान, पण कदाचित अधिक जड आहे. उक्षीच्या शेजारी, त्याच पानावर, त्या आंब्यांचीही नोंद व्हावी. ते कोणाचे, हे जवळच्या पाड्यात जाऊन विचारावे. निदान वैतरणेच्या काठी तरी सांगणारे वृद्ध अजून भेटतात. आणि एकदा विचारले की, वैशाखात हंडाभर पाण्यासाठी त्यांच्या सुना किती दूर जातात, तेही ऐकून घ्यावे लागते.