निरोप वरपर्यंत नेणारी माणसं

१९४७ साली लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेच्या निवडणुकीत एडवर्ड रॉयबल हरले. बॉइल हाइट्स आणि आसपासच्या वस्त्यांत मेक्सिकन वंशाची माणसं भरपूर होती, पण त्यातल्या कित्येकांची नावं मतदारयादीत नव्हती. पराभवानंतर समर्थकांनी ‘कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन’ उभी केली आणि फ्रेड रॉस हा संघटक मदतीला आला. त्याची भिस्त घरगुती बैठकांवर होती. कुणाच्या तरी घरी चार नातेवाईक, दोन शेजारी बोलवायचे, आधी त्यांचं ऐकून घ्यायचं आणि उठताना विचारायचं, पुढची बैठक कुणाकडे? हजारो नवे मतदार नोंदले गेले. १९४९ मध्ये रॉयबल निवडून आले.

लोकांना असं जोडण्याचं काम आज पेशा आहे. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक देशांत मूळ असलेल्या लोकांशी समाजसंपर्क, पब्लिक अफेअर्स आणि सल्लागारी ही अमेरिकेत रीतसर करिअर आहेत. सरकारी खाती, इस्पितळं, वीज कंपन्या, राजकीय पक्ष, सगळ्यांना अशी माणसं लागतात. या व्यवसायाचा कस मात्र एकाच गोष्टीवर लागतो असं मला वाटतं. संस्थेचा निरोप वस्तीत नेणारा माणूस वस्तीचा निरोप संस्थेत वरपर्यंत नेऊ शकतो का, आणि तिथे त्याचं कुणी ऐकतं का?

व्यवसायाला बळ मिळालं ते कायद्यांमुळे. १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि स्पॅनिश भाषकांची संख्या पुरेशी असलेल्या भागांत निवडणुकीची कागदपत्रं त्यांच्या भाषेत देणं बंधनकारक झालं. पुढच्याच वर्षी, तोवर अमेरिकी काँग्रेसमध्ये पोचलेल्या रॉयबल यांच्या पुढाकाराने, स्पॅनिश वंशाच्या लोकांची स्वतंत्र आकडेवारी गोळा करण्याचा कायदा झाला. १९८० च्या जनगणनेत हा प्रश्न पहिल्यांदाच घरोघरी विचारला गेला. आकडे हाती आले, तसं खात्यांना काम दिसू लागलं, कंपन्यांना बाजारपेठ आणि पक्षांना मतं.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत सत्तरच्या दशकातच व्यवसायाच्या दोन वाटा शेजारी शेजारी दिसत होत्या. विली वेलास्केझ यांनी १९७४ मध्ये मतदार नोंदणीची मोहीम उभारली आणि गल्लीबोळातल्या माणसांना मतपेटीपर्यंत आणलं. लायोनेल सोसा हे जाहिरातकार. १९७८ मध्ये त्यांनी रिपब्लिकन सेनेटर जॉन टॉवर यांच्यासाठी हिस्पॅनिक मतदारांपुढे प्रचार आखला आणि टॉवर निसटत्या फरकाने जिंकले. दोन्ही कामं कसबाची. पण पुढे मान आणि पैसा संदेश आखणाऱ्यांकडे वळला, दारोदार फिरणाऱ्यांच्या वाट्याला हंगामी काम आलं.

वस्तीचं ऐकणारं कुणी नसेल तर काय होतं, ते दिसायला वेळ लागत नाही. हिस्पॅनिक हा एकजिनसी समाज नाही. मायामीतला क्यूबन, जन्मानेच अमेरिकी नागरिक असलेला पोर्तो रिकन आणि लॉस एंजेलिसमधला मेक्सिकन यांचे प्रश्न वेगळे, राजकारणही वेगळं. कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांत राबणाऱ्या अनेकांची घरची भाषा स्पॅनिश नव्हे, मिश्तेक आहे. सुबक स्पॅनिश पत्रक त्यांच्या काय कामाचं? मेक्सिकोच्या सीमेवरची स्टार काउंटी जवळजवळ संपूर्ण हिस्पॅनिक. २०२४ मध्ये शंभराहून अधिक वर्षांनी तिने अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. वारं फिरल्याची खूण २०२० च्या निकालातच होती. तरीही कित्येकांना धक्का बसला, कारण हा समाज आपलाच असं गृहीत धरलं की त्याचं ऐकायची गरज वाटेनाशी होते.

या व्यवसायात मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘प्रोमोतोरा’. वस्तीतलीच ही बाई मधुमेहाच्या रुग्णाला औषधाची वेळ समजावते, विम्याचा अर्ज भरून देते, बुजणाऱ्या शेजारणीबरोबर दवाखान्यात जाते. २०१० मध्ये अमेरिकी सरकारने व्यवसायांच्या अधिकृत वर्गीकरणात सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांना स्वतंत्र जागा दिली. आपल्याला हे काम परकं नाही. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं आणि जगाने त्याची दखल घेतली. आज आशा सेविका तेच काम करतात, आणि पगाराऐवजी मानधन घेतात. लोकांचा विश्वास जिच्या नावावर, तीच संस्थेत सर्वांत खालच्या पायरीवर, हे तिकडे आणि इकडे सारखंच.

तो विश्वास संस्था वापरते आणि तो मोडला की किंमत प्रोमोतोरा भरते. २०२५ मध्ये मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेतल्या लाखो लोकांची माहिती स्थलांतरितांवर कारवाई करणाऱ्या गृहसुरक्षा खात्याकडे गेली. ‘अर्ज भर, काही होत नाही’ असं जिने दारात उभं राहून सांगितलं होतं, तिने आता त्याच दारात काय सांगायचं? वॉशिंग्टनमधला अधिकारी तिच्या गल्लीत राहत नाही. भीतीचा हिशेब आकड्यांतही उतरतो. २०२० च्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न घालायचा घाट सर्वोच्च न्यायालयात अडला, पण लोकांच्या मनातला धसका गेला नाही. त्यातच महामारी आली. पुढे जनगणना खात्यानेच केलेल्या पडताळणीत हिस्पॅनिक लोकसंख्या सुमारे ५ टक्क्यांनी कमी मोजली गेल्याचं निघालं, म्हणजे विसांमागे जवळपास एक माणूस. लोकप्रतिनिधींच्या जागा आणि सरकारी निधी याच आकड्यांवर ठरतात.

म्हणून समाजसंपर्काची माणसं संदेश छापायला गेल्यावर नव्हे, निर्णय शिजत असतानाच बैठकीला हवीत. त्यांना अनुदान संपताच सुटणारी नोकरी नको, कायमची जागा आणि बरा पगार हवा. ‘हे वस्तीत सांगता येणार नाही, कारण हे खरं नाही’ असं म्हणायचा अधिकार हवा आणि तो वापरल्यावर नोकरी टिकायला हवी. तिकडे सार्वजनिक धोरण शिकायला जाणारी आपली मुलंमुली या क्षेत्रात उतरणार असतील, तर मुलाखतीत पगाराबरोबर आणखी एक गोष्ट त्यांनी विचारावी: मागच्या वर्षी लोकांच्या सांगण्यावरून या संस्थेने कोणता निर्णय बदलला? उत्तरात एकही उदाहरण निघालं नाही, तर तिथे लोकांशी नातं जोडायचं काम नाही, त्यांना पटवायचं काम आहे, हे समजून मगच सही करावी.