आजचं चिंतन : गीता १८.६३ आणि काकूंचा प्रश्न



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला ६३वा. सगळं सांगून झालंय. कर्म, भक्ती, ज्ञान, विश्वरूपदर्शनसुद्धा. आता कृष्णाने सरळ आज्ञा केली असती तरी अर्जुनाने ऐकलं असतं. पण तो म्हणतो, मी सांगितलं त्याचा पूर्ण विचार कर, आणि मग तुला वाटेल तसं कर.

आपल्या पिढीला यातला शेवटचा तुकडा फार आवडतो. ‘तुझं आयुष्य, तुझा निर्णय.’ स्टेटसला ठेवायलाही बरा. पण त्याच्या आधी ‘अशेष’ विचार करायला सांगितलंय, म्हणजे काहीही शिल्लक न ठेवता. आणि विचार अशेष व्हायचा तर माहितीही अशेष हवी ना!

हे मनात घोळतंय ते ओळखीतल्या एका काकूंमुळे. वय ५७, लग्नाला ३१ वर्षं. मारहाण नाही, व्यसन नाही. पण एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसं कित्येक वर्षं चाललंय. त्यांनी मला विचारलं, “अरे, वेगळं व्हायचं असेल तर कुणाला विचारायचं असतं? तुम्हाला सापडतं ना सगळं इंटरनेटवर.” काकांनाही मी लहानपणापासून ओळखतो. म्हणून प्रश्न पडला : ही माहिती शोधून देणं म्हणजे घर मोडायला हातभार लावणं का?

नात्यातली मोठी माणसं त्यांना म्हणाली, “या वयात? प्रारब्ध म्हणायचं आणि नाम घ्यायचं.” माझ्या मित्रमंडळींचं उत्तर होतं, “सोड आणि नीघ.” मला दोन्हीत एकच आळस दिसतो. त्यांच्याबरोबर बसून विचार करायची तयारी कुणाचीच नाही. लॉग न वाचताच ‘रीस्टार्ट कर’ सांगणारे आमच्या ऑफिसातही पुष्कळ आहेत.

मी बसलो. जे सापडलं त्यातलं निम्मं काकूंना आवडण्यासारखं नव्हतं. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे दोघांची संमती असेल तर किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. एकाच छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर ते चालू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच म्हटलंय. (दुसरं घर परवडत नाही त्यांच्यासाठी हे फार मोठं आहे.) अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणात कोर्ट ते माफ करू शकतं. पण काकांची संमती नसेल तर क्रूरता, परित्याग असं काहीतरी सिद्ध करावं लागेल. ‘पटत नाही’ एवढं पुरत नाही.

पैशाचं तर आणखी कठीण. काकांच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये काकूंना आपोआप निम्मा वाटा नाही. (गोव्यात वेगळं आहे, तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने साधारणपणे दोघांचा निम्मा-निम्मा धरतात.) पोटगी मागता येते, पण फॅमिली पेन्शनचा हक्क घटस्फोटानंतर साधारणपणे राहत नाही, आणि काकांच्या मेडिक्लेममधलं नावही जाईल. साठीच्या उंबरठ्यावर ही छोटी गोष्ट नाही. मधला रस्ताही आहे, न्यायिक विभक्ततेचा : लग्न कायम, पण एकत्र राहायचं बंधन नाही. तो त्यांना कुणीच सांगितला नव्हता.

मदत कुठे मिळेल, तेही लिहून दिलं. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं किंवा १५१०० ला फोन करायचा. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, आधी समेट होतो का ते बघतात. रात्री मन फारच खचलं तर टेलिमानस, १४४१६, मराठीत बोलता येतं. मारहाण असती तर असली यादी करत बसलोच नसतो, थेट १८१ म्हटलं असतं.

हे सगळं वाचून काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे जाणं मला वाटलं तेवढं सोपं नाहीये. आणि मला वाटलं तेवढं अशक्यही नाहीये.”

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. घर मोडतं ते आतून. वकिलाचा नंबर देणाऱ्याने ते मोडत नाही, आणि नंबर लपवल्याने सांधलंही जात नाही. नंबर लपवला तर एवढंच होतं, की राहणाऱ्या बाईचं राहणंसुद्धा तिचं स्वतःचं उरत नाही. उद्या काकांनी विचारलं तर त्यांनाही हीच यादी देईन. त्यांनाही वकील लागेल, कुणाशी तरी बोलावंसं वाटेल. कायम पोटगीसाठी नवराही अर्ज करू शकतो, हे तर मलाही नव्याने कळलं.

काकूंनी अजून काही ठरवलेलं नाही. समुपदेशकांना एकदा भेटून येतो म्हणाल्यात. काय ठरलं, हे विचारायचं मी मुद्दाम टाळतोय; पण गुरुवारच्या भजनाला शेजारी बसायला जागा मात्र धरून ठेवतो.

गंमत म्हणजे ‘तुला वाटेल तसं कर’ म्हणून झाल्यावर कृष्ण रथातून उतरून निघून जात नाही. पुढच्याच श्लोकात तो पुन्हा बोलायला लागतो, आणि का बोलतोय तेही सांगतो : तू मला प्रिय आहेस म्हणून. उद्या तोच घेऊ.