गरज काय होती?

माणूस पडला की त्याला काय काय विचारायचं, याचा एक क्रम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेला आहे. पहिला प्रश्न 'कुठे पडलात?', दुसरा 'कसे पडलात?', तिसरा 'डॉक्टर कोण?' आणि मग चहाचा रिकामा कप खाली ठेवता ठेवता शेवटचा, 'पण मी म्हणतो, गरज काय होती?' दुखतंय का, हा प्रश्न या यादीत नाही. प्लास्टर दिसतंय त्या अर्थी दुखत असणारच, असा सुज्ञ समज असावा.

मी पडलो तो एका रविवारी सकाळी साडेसातला, नाशिकच्या गंगापूर रोडकडच्या एका वळणावर, कोणीतरी कोणाच्या तरी बांधकामासाठी टाकलेल्या खडीवर, स्कूटरसकट. वय वर्षं चौसष्ट. उजवं मनगट मोडलं. त्यात एक प्लेट बसली आणि सहा स्क्रू बसले. (आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळालाही इतके नाहीत.) इथपर्यंतची हकीकत ऐकताना माणसं मनापासून हळहळायची. मग कोणीतरी विचारायचं, "पण एवढ्या सकाळी निघाला होतात कुठे?"

"मिसळ खायला."

झालं! डोळ्यांत जमलेली सहानुभूती आल्या वाटेने परत जायची. "मिसळीसाठी? एवढ्या लांब? तुमच्या कोपऱ्यावर मिळते की!" मिळते. कोपऱ्यावरही मिळते आणि आमच्या घरीही होते. पण त्या मिसळीत आणि या मिसळीत काय फरक आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं की आतून ही म्हणायची, "अहो, फार बोलू नका, हात दुखेल." बोलल्याने हात कसा दुखेल, हे मी विचारलं नाही. संसार पस्तीस वर्षांचा आहे.

बिछान्यात पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं, की पडण्याच्याही दोन जाती आहेत. आमच्याच सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ फार वर्षांपूर्वी निवडणुकीच्या ड्यूटीवर असताना शाळेच्या पायरीवरून घसरले आणि त्यांचा घोटा मोडला. ते अजून थोडं लंगडतात, आणि लोक त्यांना अजून खुर्ची देतात. ते कर्तव्यावर पडले. मी मिसळीवर पडलो. हाड दोघांचंही हाडच, प्लास्टरही त्याच पांढऱ्या रंगाचं. पण त्यांच्या घोट्याला जी प्रतिष्ठा आहे ती माझ्या मनगटाला नाही.

शेवटी माणूस मी दुबळा. तिसऱ्या आठवड्यात एका पाहुण्याने तोच प्रश्न विचारला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "औषध आणायला चाललो होतो." पाहुणे कळवळले. मी चोरून हिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे पोहे परतत होती. पुढच्या पाहुण्यांना तिनेच सांगितलं, "माझंच औषध हो." त्याच्या पुढच्या खेपेला त्या औषधाला दुखणंही मिळालं. महिन्याभरात निम्मी कॉलनी हिच्या गुडघ्यांची चौकशी करू लागली.

याच सुमारास आमचा भाचा रात्रीच्या सोबतीला येऊ लागला. याला मोटारींच्या शर्यतींचं वेड. रात्ररात्र मोबाइलवर जुन्या शर्यती बघतो. मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे, ताशी तीनशे किलोमीटरने जायचं, आणि पोचायचं कुठे, तर जिथून निघालो तिथेच. याला काय अर्थ?" तो म्हणाला, "मामा, तुम्हीसुद्धा मिसळ खाऊन घरीच येणार होतात ना?" मग बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "तुमच्यासारखीच एक केस आहे. कुबित्सा."

रॉबर्ट कुबित्सा हा पोलंडचा गडी. फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला पहिला पोलिश चालक. २००७ साली कॅनडात माँट्रियलच्या शर्यतीत त्याची गाडी ताशी दोनशेहून अधिक वेगाने भिंतीवर आदळली, तिचे तुकडे तुकडे झाले. घोटा मुरगळणं आणि डोक्याला थोडा मार, एवढ्यावर निभावलं. एक शर्यत चुकली. आणि वर्षाने, २००८ मध्ये, त्याच माँट्रियलला तो पहिला आला. जग उठून उभं राहिलं. तेव्हा 'गरज काय होती?' असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. कारण तो कामावर होता.

पुढे २०११ साल उजाडलं. फेब्रुवारी महिना, हंगाम तोंडावर आलेला. नव्या गाडीच्या चाचण्यांत हा चांगला वेगात. पुढच्या वर्षी फेरारीकडे जायचंही ठरलेलं होतं, असं त्याने बऱ्याच वर्षांनी सांगितलं. आणि ६ फेब्रुवारीला, रविवारीच, हा इटलीत अंदोरा नावाच्या गावी एका छोट्याशा रॅलीत उतरला. रॅली म्हणजे घाटातल्या साध्या रस्त्यांवरची शर्यत. त्याला ती मनापासून आवडायची, आणि तिने हात तयार राहतो असंही त्याचं म्हणणं होतं. रस्त्याच्या कडेचा लोखंडी कठडा गाडीत पुढून आरपार घुसला. उजवा हात तुटून पडायचाच बाकी राहिला. कोपर, खांदा, पाय, सगळीकडे हाडं मोडली. शेजारी बसलेल्या सहचालकाला काही झालं नाही. डॉक्टर सात तास राबले तेव्हा हात जागेवर राहिला.

आणि मग तमाम दुनियेने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, गरज काय होती?

ऐकता ऐकता मी उशीला टेकून बसलो. वास्तविक ज्या फॉर्म्युला वनसाठी हा हात जपायला हवा होता, तिची तरी कोणाला गरज आहे? उद्या ती बंद पडली तर जगात एकाही घरची चूल विझणार नाही. (शर्यतवाल्यांच्या घरच्या सोडून.) मग ज्या वेडापायी पगार मिळतो ते कर्तव्य, आणि ज्या वेडापायी फक्त आनंद मिळतो ती नसती उठाठेव, हा न्याय कुठला? तसा आपला बराचसा जन्म गरजेबाहेरचाच असतो. गरजेपुरतं जगायचं म्हटलं तर दोन वेळचा वरणभात आणि अंगावर पंचा एवढ्यात भागतं. गाणं, लोणचं, पत्त्यांचा डाव, कशाचीच गरज नाही. पण पेटी वाजवताना कोणाचं बोट मोडलं तर आपण कलावंत म्हणून कळवळतो, आणि मिसळीपायी मोडलं तर हसतो. मला हा विचार फार खोल वाटला. भाच्याला सांगितला. तो झोपला होता.

दुसऱ्या रात्री त्याने निकी लाउडाची गोष्ट सांगितली. तिने मात्र माझी झोप उडवली.

लाउडा ऑस्ट्रियाचा. १ ऑगस्ट १९७६, जर्मनीतला न्यूर्बुर्गरिंगचा रस्ता, पाऊस. हा रस्ता धोक्याचा आहे, शर्यत नको, असं त्यानेच बाकीच्या चालकांना आधी सांगितलं होतं. मतदान झालं, त्यात हा हरला, आणि शर्यतीत याचीच गाडी पेटली. बरोबरच्या चालकांनी आगीतून ओढून काढलं. चेहरा भाजला, फुप्फुसात विषारी धूर गेला. इस्पितळात पाद्री येऊन शेवटची प्रार्थना म्हणून गेला. आणि बेचाळीस दिवसांनी हा इटलीत मोन्झाला पुन्हा गाडीत बसला, ओल्या जखमांवर हेल्मेट चढवून. चौथा आला. तिथे आपण भीतीने गारठून गेलो होतो, असं त्याने पुढे स्वतःच लिहिलं.

पण माझी झोप उडाली ती इथे नाही. त्या वर्षीची शेवटची शर्यत जपानात फुजीला होती. लाउडा तीन गुणांनी पुढे. गाडी शेवटपर्यंत नेली असती तर विश्वविजेतेपद बहुधा त्याचंच होतं. त्या दिवशीही धोधो पाऊस. दोन फेऱ्या झाल्या, आणि त्याने गाडी आत आणली आणि उतरला. म्हणाला, यात चालवणं वेडेपणा आहे. संघातल्या माणसाने त्याच्या कानाशी लागून सुचवलं, इंजिन बिघडलं असं सांगू. अगदी सोय होती. इंजिन काही कोर्टात साक्ष द्यायला येणार नव्हतं. लाउडा म्हणाला, नको. मी थांबलो, मला नको वाटलं म्हणून. विजेतेपद जेम्स हंटकडे गेलं, एका गुणाने. लाउडाला भित्रा म्हणणारेही निघाले. पुढे १९७७ मध्ये आणि १९८४ मध्ये तो पुन्हा विश्वविजेता झाला, ती गोष्ट वेगळी. त्या पावसात उभं असताना हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी अंधारात छताकडे बघत पडलो होतो. बाजूला ही झोपली होती. गुडघे ठणठणीत.

कुबित्साचं पुढे काय झालं, ते मी भाच्याकडून हप्त्याहप्त्याने वसूल केलं. जानेवारी २०१२ मध्ये तो बर्फावरून घसरला आणि तोच पाय पुन्हा मोडला. गाडीत नव्हे, घराजवळ, पायी चालताना! चालणं ही तर निखळ गरज, त्यामुळे तिथे कोणी काही बोललं नसावं. त्याच सप्टेंबरात तो इटलीतल्या एका छोट्या रॅलीत उतरला आणि जिंकला. म्हणजे जिने हात मोडला तिच्याकडेच परत. यातही एक व्यवहार होता. फॉर्म्युला वनची बसायची जागा इतकी चिंचोळी, की त्याचा न वळणारा उजवा हात तिथे फिरेना. रॅलीच्या गाडीत कोपराला जागा मिळते. २०१३ मध्ये रॅलीच्या दुसऱ्या श्रेणीचं जगज्जेतेपद मिळवलं. २०१९ मध्ये, आठ वर्षांनी, तो फॉर्म्युला वनमध्ये परतला, मुख्यतः डाव्या हाताच्या जोरावर. गाडी मिळाली ती सगळ्यांत हळू. वर्षभर शेपटाला. जर्मनीत पुढच्या दोघांना दंड झाला म्हणून दहावा नंबर आणि एक गुण. त्या संघाचा वर्षातला तेवढाच. 'परत यायची गरज काय होती?' हेही मग ओघाने आलंच.

२०२१ मध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याची गाडी आपल्या गटात पुढे होती. शेवटच्या फेरीत बंद पडली. शेवटच्या! चोवीस तास वाट पाहून रजिस्ट्रारच्या खिडकीशी पोचावं आणि खिडकी बंद व्हावी, तसं. आणि जून २०२५ मध्ये तीच शर्यत, २०२१ मधलाच जोडीदार यिफेई ये, तिसरा फिल हॅन्सन, गाडी फेरारीची. ती जिंकली, आणि शेवटच्या टप्प्यात चाक कुबित्साच्या हातात होतं.

हे ऐकून ही म्हणाली, "बघा, देवाने व्याजासकट परत दिलं." मला ते पटलं नाही. चौदा वर्षं ही काही पोस्टातली ठेव नव्हे. हात आहे तसाच राहिला, गेलेले हंगाम गेले. आणि समजा ती गाडी पुन्हा शेवटच्या फेरीत बंद पडली असती, तर काय मग आपण म्हणणार होतो, की बघा, सांगितलं होतं? हिने यावर उत्तर दिलं नाही. फिजिओथेरपीची वेळ झाली म्हणून माझ्या हातात लाटणं दिलं.

हा व्यायाम असा: लाटणं मुठीत धरून हात उताणा करायचा, पालथा करायचा. पालथा होतो. उताणा होता होत नाही, निम्म्यावर थांबतो. फिजिओच्या बाई म्हणाल्या, "काका, बरे झालात, पण थोडं राहील." 'बरा' हा शब्द मराठीत कोणी घडवला, त्याला आजारपणाचा अनुभव असावा. दुखण्यातून उठलेला तोही बरा, आणि प्रगतिपुस्तकात चांगल्याच्या खालचा तोही बराच.

उताणा न होणाऱ्या हाताचं महत्त्व आमच्या सोसायटीतल्या सत्यनारायणाला कळलं. गुरुजी तीर्थाची पळी घेऊन आले. मी हात पुढे केला, तळवा तिरकाच राहिला, आणि तीर्थ मनगटावरून, सहा स्क्रूंवरून, बाहीत गेलं. मी डावा हात पुढे केला तर गुरुजी थबकले. शेजारी ते घोटावाले गृहस्थ खुर्चीत होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बिचारे! बायकोचं औषध आणायला गेले होते हो."

का कोण जाणे, मला फुजीचा पाऊस आठवला.

"औषध नाही," मी म्हटलं. "मिसळ खायला गेलो होतो."

आरतीला उभ्या असलेल्या बायका हिच्याकडे वळल्या. तिच्या गुडघ्यांना एका वाक्यात उतार पडला होता. घोटावाल्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कुठली?" मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "तिथला रस्सा पूर्वीइतका राहिला नाही." म्हणजे हे गृहस्थही जात होते! ड्यूटीवर नसताना!

घरी येईपर्यंत ही एक अक्षर बोलली नाही. जिन्यात म्हणाली, "सांगायचंच होतं तर पहिल्या दिवशी सांगायचंत. मी दोन महिने लंगडत नसते."

आता प्रश्न स्कूटरचा. तिचा कान उजव्या हातानेच पिळायचा असतो, आणि तेवढा हात वळतो; मी खाली जाऊन पिळून पाहिलं. बंद स्कूटरवर, पहाटे, कोणी नसताना. सुरू करायला किल्ली फिरवली आणि त्या खडीचा आवाज कानात आला. किल्ली काढून वर आलो. हे मी हिला सांगितलं. आणखी काय सांगणार?

मागच्या रविवारी एक जण स्कूटर बघायला आला. पत्रा चेपलाय तो कशाने, म्हणाला. मी सगळं खरं सांगितलं. किती घ्याल, म्हणाला. मी आकडा सांगितला. तो माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला, "काका, एवढ्यात नवी येईल!" आणि उठून गेला.

ही दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. म्हणाली, "गाडीवरचं आच्छादन उडालंय, तेवढं नीट घालून या."